सेक्स वर्कर म्हणून एबीएन काढलाय? खर्च दाखवताना या चुका टाळा

मेलबर्नमध्ये मी सोल ट्रेडर, म्हणजे एबीएन (ऑस्ट्रेलियातला व्यवसायाचा नंबर) काढून एकट्याने धंदा करणाऱ्या लोकांचे हिशोब बघते. प्लंबर, पेंटर, टॅक्सीवाले आणि बऱ्याच सेक्स वर्कर. आपल्या मंडळींना हे सांगितलं की लगेच आवाज खाली जातो. अहो, एटीओला, म्हणजे इथल्या टॅक्स खात्याला, त्याचं काही पडलेलं नाही. व्हिक्टोरियात हे काम पुरतं गुन्हेगारीच्या कायद्यातून बाहेर यायला डिसेंबर २०२३ उजाडला, टॅक्स मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून लागतोय. आणि टॅक्स लागतो म्हणजे खर्चही वजा होतो, घोळ तिथेच होतात.

माझ्या सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे रूमचं भाडं आधीच कापून उरलेला आकडा उत्पन्न म्हणून लिहायचा. एक बाई आली होती, हुशार, बुकिंग स्वतः घेणारी, रूम तासावर भाड्याने. वहीत प्रत्येक बुकिंगसमोर निळ्या पेनाने एकच आकडा, रूमचे पैसे वजा करून. वर्षाचे ६४,००० डॉलर, जीएसटी नोंदणीची मर्यादा ७५,०००, म्हणून बाई निवांत. मी तिचे मेसेज आणि वही शेजारी ठेवून दोन रविवार बसले तर निघाले ८८,०००! मर्यादा येणाऱ्या पूर्ण पैशांवर मोजतात, नफ्यावर नाही, आणि जुलै ते जून असंही नाही, चालू महिना धरून मागचे बारा महिने, दर महिन्याला नव्याने. ओलांडली की २१ दिवसांत नोंदणी. मागच्या वर्षाचे महिनेही मोजल्यावर हिने मर्यादा बरीच आधी ओलांडली होती आणि त्यानंतर ५५,००० कमावले होते, त्याचा अकरावा भाग म्हणजे ५,००० तिच्याच खिशातून. जुन्या गिऱ्हाइकांना फोन करून जीएसटी मागणार का आता? रूमच्या भाड्यातला जीएसटी परत मिळाला असता, पण भाडं रोख आणि टॅक्स इन्व्हॉइस एकही नाही, तोही गेला. आम्ही आपणहून कळवलं म्हणून दंड कमी बसला आणि हप्ते मिळाले, एवढंच.

त्यामुळे माझं म्हणणं एकच, त्याच रात्री दोन रकाने. डावीकडे गिऱ्हाइकाने दिलेले पूर्ण पैसे, उजवीकडे रूम. ॲप घ्या नाहीतर दोन डॉलरची वही घ्या, मला वहीच आवडते, कारण ॲपवाल्या तीन आठवड्यांत कंटाळतात.

दुसरं, रील बघून येणाऱ्या. "गिऱ्हाइकासाठीच तर नटते, मग जिम, बोटॉक्स, केस सगळं वजा होतं ना?" नाही होत! वकीलही सूट फक्त कामालाच घालतो, त्याला मिळतं का? काँडोम, ल्युब, टॉइज, वाइप्स, रूममधल्या चादरी-टॉवेलची धुलाई, जाहिरात, जाहिरातीचे फोटो, वेबसाइट, हे बिनधास्त टाका. फक्त कामावरच वापरायचे कॉस्च्युम, लॉन्जरी, तेही. पण तोच काळा ड्रेस मैत्रिणीच्या लग्नाला घातला की विषय संपला, आणि साधी जीन्स तर कामावरच घातली तरी नाहीच. फोनचंही तसंच, आईचे फोन येतात त्याच नंबरचं शंभर टक्के बिल लावायचं नाही. चार आठवडे नोंद ठेवा, टक्केवारी काढा, तेवढंच लावा.

घर ते भाड्याची रूम हा प्रवास खाजगी. एका बुकिंगवरून थेट दुसऱ्या बुकिंगला गेलात तर चालतो, २०२४-२५ साठी किलोमीटरला ८८ सेंट, ५,००० किलोमीटरपर्यंत.

स्वतःच्या मालकीच्या घरात काम करून हप्त्याचं व्याज थोडं लावायचा मोह झाला तर आधी विचारा, घर विकताना कॅपिटल गेन्स, म्हणजे विक्रीच्या नफ्यावरचा टॅक्स, मागे लागतो.

बिलं पाच वर्षं ठेवायची असतात आणि ती चकचकीत कागदाची बिलं गाडीत ठेवली की एका उन्हाळ्यात कोरी होतात, मी कोऱ्या पट्ट्यांची अख्खी पिशवी पाहिलीय. घेतलं की लगेच फोटो. ऑनलाइन घेतलेल्या मालाचं नाव मुद्दाम भलतंच छापलेलं असतं, तेव्हा काय घेतलं ते त्याच दिवशी शेजारी लिहा.

अजून एक, खर्चाशी संबंध नाही पण सांगतेच. एबीएन जाहिरातीत किंवा कुणालाही पाठवायच्या आधी थांबा. एबीएन लुकअप या सगळ्यांना खुल्या सरकारी वेबसाइटवर तो नंबर टाकला की कामाचं नाव नाही, खरं नाव दिसतं, सोबत राज्य आणि पोस्टकोडही. धोका वाटत असेल तर तपशील लपवण्यासाठी अर्ज करता येतो, तो आधी करा, मग इन्व्हॉइस पाठवा.