जुन्या डॉस गेमचं चित्र बिघडतंय? कार्ड बदलायच्या आधी हे करून बघा

पेंटियमचा जुना पीसी चालू केला, विंडोज ९८ झकास दिसतंय, आणि डूम हा डॉसवरचा (विंडोजच्या आधीच्या सिस्टिमवरचा) गेम टाकला की मॉनिटर म्हणतो 'आउट ऑफ रेंज'. मग लोक ग्राफिक्स कार्डाच्या मागे लागतात. कार्ड बिचारं बरेचदा बरोबर असतं, घोळ मॉनिटरचा असतो.

डूम १९९३चा, चालतो ३२० बाय २०० पिक्सेलला. व्हीजीए (त्या काळचं पीसीच्या चित्राचं स्टँडर्ड) कार्ड प्रत्येक ओळ दोनदा काढतं, म्हणजे ४०० ओळी, आणि त्याही ७० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ७० वेळा. सीआरटीला, म्हणजे जुन्या काचेच्या नळीच्या मॉनिटरला, याचं काही नाही, पण काही एलसीडी (चपटे मॉनिटर) ७० हर्ट्झ घेतच नाहीत. स्वस्तातले व्हीजीए टू एचडीएमआय कन्व्हर्टर पण इथेच गंडतात, त्यामुळे शक्यतो थेट व्हीजीए पोर्ट असलेला मॉनिटर शोधा, जुना ४:३ वाला मिळाला तर सोन्याहून पिवळं.

चित्र येतंय पण एका बाजूला सरकलंय, तर मॉनिटरवरचं ऑटो ॲडजस्ट दाबायचं, फक्त काळ्या डॉस प्रॉम्प्टवर (कमांड टाइप करायच्या स्क्रीनवर) नाही! तिथे मॉनिटरला चित्राची कड सापडत नाही. एडिट टाइप करून एंटर मारा, अख्खा स्क्रीन निळा होतो, मग दाबा.

डूममध्ये खालच्या पट्टीतले आकडे नीट बघा, कुठे उभी रेघ जाड कुठे बारीक दिसत असेल तर मॉनिटर ४०० ओळी बघून तो डॉसचा टेक्स्ट मोड (नुसत्या अक्षरांचा स्क्रीन) समजतोय, म्हणजे ७२० बाय ४००, आणि ३२० पिक्सेल ७२० मध्ये बसवायला गेला की कुणाच्या वाट्याला दोन, कुणाच्या तीन. मॉनिटरच्या मेनूत ६४० बाय ४०० चा पर्याय असेल तर तो निवडा, नसेल तर सहन करा किंवा सीआरटी आणा. (सीआरटी उघडायच्या भानगडीत पडू नका, प्लग काढल्यावरही आत करंट असतो.)

वाइडस्क्रीनवर सगळे जाडे दिसतात त्याला मेनूतून ४:३ करा, एवढंच.

रंगाचं म्हणाल तर आधी केबल. सगळं पिवळं म्हणजे निळा गेला, जांभळट-गुलाबी म्हणजे हिरवा, आकाशी म्हणजे लाल. प्लगमध्ये वरच्या ओळीतल्या १, २, ३ नंबरच्या पिना वाकल्यात का बघा. ९ नंबरची पिन बऱ्याच केबलला मुळातच नसते, ती तुटली म्हणून घाबरू नका. आणि सीजीए (व्हीजीएच्या आधीचं स्टँडर्ड) गेम बरेचदा गुलाबी-आकाशीच दिसतो, तो बिघाड नाही, एका वेळी चारच रंग होते हो!

विंडोज ९५-९८ च्या काळातले काही गेम २५६ रंगांशिवाय सुरूच होत नाहीत. कंट्रोल पॅनल, डिस्प्ले, सेटिंग्ज, तिथे २५६ कलर्स करा. आणि विंडोजच दिसत नसेल, म्हणजे आधी कुणीतरी सीआरटीसाठी ८५ हर्ट्झ लावून ठेवलंय वगैरे, तर बूट होताना एफ८, सेफ मोड, तिथे डिस्प्ले ड्रायव्हर स्टँडर्ड व्हीजीए करून टाका, मग नॉर्मल बूट करून कार्डाचा ड्रायव्हर परत टाकायचा आणि ॲडव्हान्स्डमध्ये रिफ्रेश रेट (ते हर्ट्झ) ६० ठेवायचा.

ड्यूक न्यूकेम थ्रीडी (१९९६) ६४० बाय ४८० ला चालत नसेल तर मात्र कार्डाकडे बघा. जुन्या कार्डांच्या बायॉसमध्ये (कार्डातल्या पक्क्या प्रोग्राममध्ये) व्हेसा २.०, म्हणजे मोठ्या रिझोल्यूशनसाठीचं स्टँडर्ड, नसतं. ते पुरवणारा युनिव्हीबीई हा प्रोग्राम लोड करा, तेही विंडोजच्या खिडकीत नाही, 'रीस्टार्ट इन एमएस-डॉस मोड' करून, आणि मग गेमच्या सेटअपमध्ये रिझोल्यूशन निवडा.