घरात लॅनची वायर आहे पण वायफाय नाही? माळ्यावरचा जुना राउटर काढा

आमचं घर सोलापुरात साखर पेठेत, पुढं राहायचं आणि पाठीमागं कारखाना, म्हणजे टॉवेलचे चार लूम, आणि नेट म्हणाल तर सगळं वायरीवर, म्हणजे लॅनवर. केबलवाला गच्चीवरनं गच्चीवर वायर टाकत यायचा ना, तेव्हापासनंचा संसार आहे हा. आता फायबर आलं पण त्याचा डबा बिनवायफायचा, त्याच्यापुढं तसलाच एक जुना राउटर, मग पाच पोर्टचा स्विच, म्हणजे एका वायरीच्या अनेक वायरी करणारी डबी, तिथनं एक वायर पप्पांच्या टॅलीच्या कॉम्प्युटरला, एक मागं कारखान्याच्या ऑफिसात प्रिंटरला, एक वर दादाच्या खोलीत. कॉम्प्युटर सगळे मजेत आणि फोनवाले सगळे उपाशी. पुतण्या युट्यूब बघायला वहिनीच्या फोनचा हॉटस्पॉट मागत फिरायचा.

दुकानात विचारलं तर पहिल्यांदा रिपीटर दाखवतात. अहो पण रिपीटर म्हणजे आधीच हवेत असलेलं वायफाय पकडून पुढं ढकलणारा, आमच्यात पकडायला वायफायच नव्हतं. आणि असतं तरी साधा रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि बोलतो, त्यात स्पीड निम्म्यावर येतो. तुमच्या घरात त्या खोलीपर्यंत वायर पोचलेली असेल तर ती लाखमोलाची आहे, तिच्या टोकाला ऐक्सेस पॉइंट लावायचा की झालं. ऐक्सेस पॉइंट वेगळा विकतही मिळतो, पण माळ्यावर धूळ खात पडलेला जुना वायफाय राउटर तेच काम करतो, फक्त त्याला सांगावं लागतं की बाबा तू आता मालक नाहीस, नुसता वायरीतलं हवेत सोडायचं.

हे सांगायचं राहिलं की घोळ होतो, आणि तो मी दोनदा केलाय.

पहिल्या वेळी मी राउटर वर नेला, दादाच्या खोलीतली वायर सरळ त्याच्या वॅन पोर्टमध्ये, म्हणजे बाहेरचं नेट आत घ्यायच्या भोकात खुपसली, फोनवर नेट चालू, मी खूश. दुसऱ्या दिवशी पप्पा फोनवरनं बिल प्रिंट करायला गेले तर प्रिंटर सापडेचना. कारण वॅनमध्ये वायर घातली की राउटर स्वतःचं वेगळं घर थाटतो, आत वेगळे आयपी, म्हणजे प्रत्येक मशीनचे पत्त्याचे नंबर वाटतो, मग वरचा फोन एका घरात आणि खालचा प्रिंटर दुसऱ्या घरात, मध्ये भिंत. नेट चालतं म्हणून लवकर कळतही नाही. मग मी शहाणपणा करून वायर काढून लॅन पोर्टमध्ये, म्हणजे घरातली मशीनं जोडायच्या भोकात घातली, पण डीएचसीपी बंद करायचं विसरलो. डीएचसीपी म्हणजे प्रत्येक मशीनला आयपी नंबर वाटणारा, तो एका घरात एकच पाहिजे. आमच्यात झाले दोन. ज्याला ज्याचा नंबर लवकर मिळाला त्याच्या मागं तो गेला, निम्मं घर चालू, निम्मं बंद, टॅली अडकली, ऐन जीएसटीच्या तारखेला. दादा जिन्यावरनं ओरडला, "काय बे, परत काय केलास?"

तर आता नीट क्रमानं सांगतो.

सगळ्यात आधी घरातल्या मुख्य राउटरचा आयपी बघून ठेवा. कॉम्प्युटरवर कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग टाइप केलं की डिफॉल्ट गेटवे म्हणून जो नंबर दिसतो तोच. समजा तो १९२.१६८.१.१ आहे. मग ब्राउझरमध्ये तो नंबर टाकून मुख्य राउटरच्या डीएचसीपीच्या पानावर जा, कुठल्या नंबरापासनं कुठल्या नंबरापर्यंत वाटप चालू आहे ते कागदावर लिहा. समजा १०० ते २००. म्हणजे २ ते ९९ हे नंबर वाटपाच्या बाहेर आहेत, त्यातला एक आपण जुन्या राउटरला देणार, फक्त तो आधीच कुणाला हातानं दिलेला नसावा, प्रिंटरला बऱ्याचदा दिलेला असतो.

आता जुना राउटर. घरच्या नेटवर्कला अजून जोडू नका, नुसता लाईटवर लावा. मागं बारीक भोक असतं, त्यात सेफ्टी पिन घालून दहा सेकंद दाबून धरा म्हणजे जुनं सगळं पुसलं जातं. लॅपटॉप वायरीनं त्याच्या लॅन पोर्टला जोडा. खाली स्टिकरवर पत्ता आणि पासवर्ड असतो, बहुतेक १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१, तो उघडा. आत ऑपरेशन मोड नावाचं काही दिसलं आणि त्यात ऐक्सेस पॉइंट असा पर्याय असला तर तुमचं निम्मं काम झालं, तो निवडा, डीएचसीपी बहुतेक आपोआप बंद होतो. एवढंच की त्यानंतर तो राउटर बहुतेक वेळा स्वतः मुख्य राउटरकडनं नंबर घेतो, मग त्याच्या आत शिरायचं असेल तर मुख्य राउटरच्या यादीत त्याचा नवा नंबर शोधावा लागतो.

आमच्या जुन्यात असला मोड नव्हता, सगळं हातानं केलं. आणि यात क्रम महत्त्वाचा आहे बरं का. पहिलं लॅन सेटिंगमध्ये जाऊन त्याचा स्वतःचा आयपी बदला, १९२.१६८.१.२ करा, सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०. सेव्ह केलं की पान गायब होतं, घाबरू नका, पत्ता बदलला म्हणून तसं झालं, वायर काढून परत लावा आणि नव्या पत्त्यानं आत या. मग वायफायचं नाव, पासवर्ड सगळं भरा. डीएचसीपी सगळ्यात शेवटी बंद करा, कारण तो बंद झाला की लॅपटॉपला नंबर मिळायचा थांबतो आणि मग हातानं आयपी टाकल्याशिवाय आत जाता येत नाही, मी यात एक अख्खी दुपार घालवलीय.

पासवर्डचं सांगायचं तर सिक्युरिटीमध्ये डब्ल्यूपीए२ एईएस निवडा, नवीन राउटर असेल तर डब्ल्यूपीए३. डब्ल्यूईपी दिसलं तर हात लावू नका, ते २००१ सालापासनं फोडता येतं. डब्ल्यूपीएसचं, म्हणजे पासवर्ड न टाकता फोन जोडायचं बटण बंद करा. आणि राउटरच्या आत शिरायचा जो ऐडमिन पासवर्ड असतो तोही बदला, लोक वायफायचा बदलतात आणि हा ऐडमिनच ठेवतात, मग काय उपयोग.

आता जोडणी. भिंतीतनं आलेली वायर जुन्या राउटरच्या लॅन पोर्टमध्ये. वॅन किंवा इंटरनेट लिहिलेलं वेगळ्या रंगाचं भोक रिकामं ठेवा, मी तर त्याच्यावर चिकटपट्टी लावलीय, कारण आमच्यात साफसफाईच्या वेळी कुणीतरी वायर काढतं आणि दिसेल त्या भोकात घालतं. हातानं सेटिंग केलं असेल तर हे पाळा, मोड वापरला असेल तर बहुतेकांत वॅनही चालतं.

फोन जोडून बघा. वायफायच्या तपशिलात फोनचा आयपी १९२.१६८.१ नं सुरू होणारा आणि गेटवे १९२.१६८.१.१ दिसला म्हणजे जमलं. गेटवे १९२.१६८.१.२ दिसत असेल तर डीएचसीपी बंद झालेला नाही.

स्पीड कमी वाटला तर आधी वायर बघा. साध्या १०० एमबीपीएसला आठातल्या चारच तारा लागतात, गिगाबिटला आठही, त्यामुळं क्लिप मारताना बाकीच्या चारातली एखादी तार नीट बसली नाही तर नेट बंद पडत नाही, गुपचूप १०० वर येऊन बसतं. आणि जुन्या राउटरचे पोर्टच १०० चे असतील तर प्रत्यक्षात नव्वद-पंच्याण्णवच्या वर जाणार नाही, फोनला तेवढं लई झालं.

राउटर कुठं ठेवायचा यावर मात्र डोकं लावा. जुन्या घरांच्या दगडी भिंती दोन-दोन फुटी, ५ गिगाहर्ट्झचं वायफाय त्यातनं पलीकडं जातच नाही म्हटलं तरी चालेल, ते त्याच खोलीत जोरात पळतं, भिंतीपलीकडं २.४ वालं थोडंफार पोचतं. पत्रा असेल तर सिग्नल आपटून मागं येतो. आणि आपल्या सोलापुरात पाणी काही रोज येत नाही, घरोघरी टाक्या आणि बॅरल भरलेले, तर राउटर आणि माणूस यांच्या मध्ये भरलेली टाकी येऊ देऊ नका, पाणी सिग्नल पिऊन टाकतं. पत्र्याच्या खोलीत उंचावर बांधायचा मोह होतो पण बहुतेक घरगुती राउटर ४० डिग्रीपर्यंतचेच असतात आणि मे महिन्यात पत्र्याखाली काय होतं ते सांगायला नको. कारखान्यात ठेवणार असाल तर कापसाची रुई जाळीत बसते, महिन्यातनं एकदा ब्रश मारा.

नंतर मी मागं ऑफिसातही असाच दुसरा राउटर लावला, त्याला १९२.१६८.१.३ दिला. नाव आणि पासवर्ड दोन्हीकडं तोच ठेवला म्हणजे फोन चालता चालता आपापला बदलतो, कधीकधी चिकटून बसतो तेव्हा वायफाय बंद-चालू करायचं. चॅनेल मात्र वेगळे पाहिजेत, २.४ मध्ये १, ६ आणि ११ हेच तीन एकमेकांच्या अंगावर येत नाहीत, वर १ ठेवला, मागं ११. शेजारचे सगळे ६ वर बसलेले दिसले, म्हणून ६ सोडला.

आता लाईटचं. छोटा यूपीएस आणून मी वरच्या राउटरला लावला, लाईट गेली तर फोनवर वायफायच्या कांड्या फुल्ल आणि नेट शून्य. पप्पा म्हणाले कंपनीला फोन लाव. फोन लावून अर्धा तास गेल्यावर लक्षात आलं की खाली फायबरचा डबा, राउटर आणि स्विच तिन्ही अंधारात होते. आता अडॅप्टरवरचे व्होल्ट बघून खाली वेगळा यूपीएस लावलाय.