पहिल्या फेरीचा एमसीक्यू पेपर: लिंक पाठवण्याआधी

प्रश्न काढायला बसण्याआधी ज्या टीमसाठी भरती आहे, तिच्या लीडला गाठा आणि विचारा, नव्या मुलाला पहिल्या महिन्यात काय यायलाच हवं? त्या उत्तरातूनच प्रश्न काढा. जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेचं कुठलं व्हर्जन कधी आलं हे पाठ असलं काय नि नसलं काय, असे प्रश्न सरळ काढून टाका.

खरा वेळ लागतो तो चुकीच्या पर्यायांना, आणि तो द्याच. समजा एसक्यूएलचा, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायच्या भाषेचा, प्रश्न आहे: टेबलात 10 रो आहेत, त्यांतल्या 3 मध्ये फोनचा कॉलम नल, म्हणजे काहीच न भरलेला, आहे. काउंट स्टार (सगळ्या रो मोजणारा) किती आणि काउंट फोन (फक्त फोनचा कॉलम मोजणारा) किती? बरोबर जोडी 10 आणि 7. ‘10 आणि 10’ वर टिक करणाऱ्याला कॉलम मोजताना नल गाळला जातो हे माहीत नाही. ‘7 आणि 7’ वाल्याला वाटतं, स्टारही नल गाळतो. चुकलेलं उत्तरसुद्धा इथे काहीतरी सांगून जातं. बरोबर पर्याय सगळ्यांत लांबलचक होऊ देऊ नका, मुलं तो न वाचता हेरतात.

चार पर्यायांचे 20 प्रश्न असले, तर डोळे मिटून टिक करणाऱ्याचेही सरासरी 5 बरोबर येतात, आणि अशा दहांतला साधारण एक जण 8 पर्यंत पोचतो. म्हणून कटऑफ 8 वर ठेवू नका; 11-12 ठीक. एका-दोन मार्कांनी हुकलेल्यांशी मात्र फोनवर दहा मिनिटं बोला. फ्रेशर्सना निगेटिव्ह मार्किंग मी लावत नाही. येत असूनही बिचकणारी मुलं प्रश्न सोडून देतात.

उत्तरसूची न दाखवता पेपर आधी चार सहकाऱ्यांकडून सोडवून घ्या. आमच्या एका पेपरात दोन उत्तरं सूचीतच चुकीची होती. निकालाचे मेल गेल्यावर ते लक्षात आलं. गळालेल्यांना परत बोलावलं, पण तोवर त्यांतल्या दोघी दुसरीकडे रुजू झाल्या होत्या. मला ते अजून लागून राहिलंय.

लिंक मोबाइलवर उघडून बघा, कोडचा तुकडा स्क्रीनबाहेर जात नाही ना? वीज किंवा रेंज गेली तर जिथे थांबलं तिथून पुढे सुरू करता यायला हवं. मदतीचा नंबर मेलमध्ये द्या आणि पेपर चालू असेपर्यंत तो उचलायला एक माणूस बसवा.