मॅसीच्या तीन सिलिंडर इंजिनाचे टॅपेट: बांधणीनंतर गॅप कसा लावायचा

इंजिन बांधून झालं, हेड बसलं, रॉकर चढला की शेवटचं नाजूक काम उरतं ते टॅपेटचं, म्हणजे व्हॉल्व्हची दांडी आणि तिला दाबणारा रॉकर यांच्यातली फट, गॅप, लावण्याचं. नेमकी इथेच घाई होते. गळीत हंगाम तोंडावर, तोडणीची टोळी फडात उतरलेली, मालक शेजारी उभा, आणि मिस्त्री कानानं टॅपेट लावतो. टकटक थांबली की कव्हर बंद. सांगली भागात मी इतकी वर्षं मॅसीचे ट्रॅक्टर खोलतोय. जळके एक्झॉस्ट व्हॉल्व्ह हातात आले ते बहुतेक अशाच गप्प इंजिनांतून. वाजणारा टॅपेट परवडला, टाईट टॅपेट नको.

मी सांगतोय ते पर्किन्सच्या ३.१५२ घराण्यातल्या इंजिनाबद्दल. सिलिंडर ३ आणि एकूण १५२ घन इंच, म्हणजे अडीच लिटर. याचा गॅप थंड इंजिनाला १२ थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे ०.३० मिलिमीटर, आणि गरम इंजिनाला १० थाऊ, म्हणजे ०.२५. हवा आत घेणारा इनलेट आणि धूर बाहेर सोडणारा एक्झॉस्ट, दोन्ही व्हॉल्व्हना तोच. तुमचं इंजिन दुसरं असेल तर आकडा त्याच्या पुस्तकातला घ्या, शेजारच्या ट्रॅक्टरचा नको.

जुनी सेटिंग तशीच ठेवून चालत नाही, कारण बांधणीत सगळी मापं हलतात. सीट कटिंग केली, म्हणजे व्हॉल्व्ह टेकतो ती जागा कापली, की व्हॉल्व्ह हेडमध्ये आत बसतो, त्याची दांडी वर येते आणि गॅप खाते. हेड फेस मारलं, म्हणजे त्याचा तळ घासून सपाट केला, की रॉकर खाली येतो, त्याला खालून उचलणारा पुशरॉड मात्र तेवढाच लांब राहतो, म्हणजे गॅप आणखी कमी. म्हणून रॉकर शाफ्ट बसवण्याआधी सहाच्या सहा ॲडजस्टिंग स्क्रू भरपूर ढिले करा. हे विसरून शाफ्टचे नट आवळले तर व्हॉल्व्ह उघडाच राहतो आणि इंजिन फिरवताना पिस्टन त्याला गाठतो. या डिझेलमध्ये पिस्टन हेडच्या अगदी जवळ येतो, तिथे माफी नाही.

रॉकर हातात आहेत तोवर त्यांचं तोंड बघा. व्हॉल्व्हच्या दांडीवर घासणाऱ्या जागी नखाला लागेल असा खड्डा पडलेला असतो. गॅप मोजायच्या फिलर गेजची पट्टी सपाट, ती खड्ड्याच्या दोन काठांवर टेकते. पट्टी १२ थाऊ म्हणते, पण दांडी आणि खड्ड्याचा तळ यांत खरा गॅप असतो १६, कधी १८. असा टॅपेट कितीही वेळा लावा, वाजणारच, आणि मग कोणीतरी वैतागून तो आवळून टाकतो. खड्डा अगदी उथळ असेल तर ऑइल स्टोनवर गोलाई राखत हलकं घासा. खोल असेल तर रॉकर बदला. ग्राइंडरवर धरू नका, वरचा कडक थर गेला की महिन्याभरात पुन्हा खड्डा.

पुशरॉड काचेवर लोळवून बघा, वाकडा लगेच उड्या मारतो. शाफ्टची तेलाची भोकं तारेनं साफ करून हवा मारा, आणि शाफ्ट जसा निघाला त्याच बाजूनं बसवा. बसवताना प्रत्येक पुशरॉड खाली टॅपेटच्या (इथे, त्याला वर ढकलणाऱ्या भागाच्या) वाटीत बसलाय ना, हे बोटानं हलवून पाहा. ब्रॅकेटचे नट एका दमात न आवळता थोडे थोडे, आळीपाळीनं आवळा.

आता पोझिशन. इंजेक्टर काढलेले असतील तर बरं, नवीन रिंगांचं इंजिन जड फिरतं. पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावून समोरून बघताना घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरवा, आणि नजर १ नंबर सिलिंडरच्या दोन रॉकरवर ठेवा. पहिला सिलिंडर रेडिएटरकडचा. एक्झॉस्ट मिटत येतो आणि त्याच क्षणी इनलेट दबायला लागतो, तिथे थांबा. पाना जरा मागेपुढे केला की दोन्ही रॉकर आलटून पालटून डुलतात. त्या डुलण्याच्या मधोमध पुलीवर आणि समोर टायमिंग कव्हरवर खडूनं एकच सरळ रेघ ओढा. इनलेट कोणता आणि एक्झॉस्ट कोणता हे मॅनिफोल्डच्या, म्हणजे हवा-धुराच्या नळ्यांच्या, तोंडावरून ओळखा.

इथे फक्त दोन टॅपेट लावायचे: २ नंबरचा इनलेट आणि ३ नंबरचा एक्झॉस्ट. मग इंजिन पूर्ण एक फेरा फिरवून रेघ पुन्हा जुळवा. आता १ नंबर कॉम्प्रेशनच्या माथ्यावर आहे, त्याचे दोन्ही रॉकर मोकळे हलतात. या जागी चार लावा: १ नंबरचे दोन्ही, २ नंबरचा एक्झॉस्ट आणि ३ नंबरचा इनलेट. फायरिंग १-२-३ असल्यामुळे हा हिशोब बसतो. दोन जागांत सहाही टॅपेट होतात.

लावताना चेकनट (ॲडजस्टिंग स्क्रू जागेवर धरणारा नट) रिंग पान्यानं ढिला करा, १२ ची पट्टी रॉकर आणि दांडीच्या मध्ये सरळ घाला आणि स्क्रू ड्रायव्हरनं स्क्रू हळूहळू आत न्या. पट्टी ओढताना तेलकट, किंचित ओढ लागली पाहिजे, अडकता कामा नये. आता स्क्रू ड्रायव्हर घट्ट धरून चेकनट आवळा आणि पट्टी पुन्हा घाला. दहातल्या आठ वेळा नट आवळताना स्क्रू थोडा फिरतो आणि गॅप बदलतो, त्यामुळे आवळल्यानंतरचं मापच खरं. शंका असेल तर ११ ची पट्टी सहज गेली पाहिजे आणि १३ ची गेली नाही पाहिजे. सहाही झाले की इंजिन हातानं दोन पूर्ण फेरे फिरवा आणि सगळे परत मोजा.

इंजिन चालू केल्यावर कव्हर लगेच लावू नका. मंद स्पीडवर सहाही रॉकरांवर तेल पाझरताना दिसलं पाहिजे. एखादा कोरडा दिसला तर तिथेच बंद करून भोक शोधा. इंजिन कामाच्या तापमानाला आलं की बंद करा, हेडचे नट मधल्यापासून बाहेरच्या क्रमानं, पुस्तकातल्या टॉर्कनं पुन्हा आवळा. नवीन गॅस्केट दबतं, हेड किंचित खाली येतं आणि गॅप कमी होतो. म्हणून हेड आवळल्यानंतर टॅपेट पुन्हा तपासायचेच, गरम असताना १० थाऊनं. हे गाळलं तर आधीची मेहनत पाण्यात.

मालकाला एवढं समजावून सांगा: बारीक, एकसारखी टिकटिक हा चांगल्या गॅपचा आवाज आहे. टाईट टॅपेट आवाज करत नाही. व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, सीटला टेकून त्याची उष्णता उतरत नाही, फटीतून पेटता धूर निसटतो आणि कडेला करवतीनं कापल्यासारखी खाच पडते. सकाळी ट्रॅक्टर ढकलून चालू करायची वेळ येते, ओढ कमी होते, आणि तोवर हेड पुन्हा उतरवायची पाळी आलेली असते. एकच टॅपेट मोठ्यानं ठोकत असेल तर मात्र आवळण्याआधी त्याच्या रॉकरचं तोंड आणि पुशरॉड बघा.

पहिल्या ५० तासांच्या आत ट्रॅक्टर परत बोलवा, हेडचे नट आणि टॅपेट दोन्ही तपासा. तोडणी चालू असली तरी बोलवा, अर्ध्या दिवसाचं काम आहे. सहाही मापं आणि अवर मीटरचा आकडा टॅपेट कव्हरच्या आतल्या बाजूला पंच नाहीतर ऑइल पेंटनं लिहून ठेवा, पुढच्या वेळी कोणता गॅप किती सरकला ते कळतं.