विदर्भातल्या गावात जुने घर घेण्यापूर्वी

सातारा जिल्ह्यातून नोकरीनिमित्त वर्धा जिल्ह्यातील एका गावात येऊन मला 18 वर्षे झाली. आपल्याकडून इकडे बदलून आलेली कुटुंबे भाड्याच्या खोलीला कंटाळून गावठाणातल्या जुन्या घराविषयी विचारू लागली, की मी त्यांना किमतीच्या आधी नमुना 8 पाहायला सांगतो.

ग्रामपंचायतीच्या या उताऱ्यात घराचे क्षेत्रफळ आणि बांधकामाचा प्रकार नोंदलेला असतो. तो आणि मोजपट्टी घेऊन घर फिरावे. उताऱ्यात मातीच्या भिंती व कवेलूचे (म्हणजे कौलांचे) छप्पर असताना वर स्लॅब दिसत असेल, सपरीला (म्हणजे ओसरीला) भिंत घालून खोली काढलेली असेल किंवा सांदवाडीत (म्हणजे आपल्या परसात) संडास-न्हाणी उभी असेल, तर ते कोणी, केव्हा आणि कोणाच्या परवानगीने बांधले हे विकणाऱ्यालाच विचारावे. ‘सगळे गाव असेच बांधते’ हे उत्तर बहुधा खरे असते, पण ते आपल्या कामाचे नसते. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 52 नुसार बांधकामाला परवानगी लागते; कराची पावती दाखवून विनापरवाना खोली अधिकृत होत नाही, कारण नमुना 8 ही कर आकारणीची नोंद आहे, मालकीचा पुरावा नव्हे.

मला हे उशिरा उमगले. माझ्या घराची मागची खोली आधीच्या मालकाने सार्वजनिक बोळीत 3 फूट वाढवलेली होती, खरेदीखतात मात्र चतुःसीमा जुन्याच उतरल्या, आणि पुढे तक्रार झाली तेव्हा नोटीस माझ्या नावाने आली. भिंत मी माझ्या खर्चाने पाडली.

स्लॅबचा धोका याहून मोठा आहे. इकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे जुना पाया दरवर्षी थोडा हलतो. अशा पायावरच्या, कवेलू पेलण्यापुरत्या बांधलेल्या भिंतींवर 4 इंची स्लॅब टाकला, की दर चौरस मीटरला सुमारे 250 किलो भार येतो. दाराच्या कोपऱ्यातून निघालेली तिरपी भेग ताज्या गिलाव्याखाली सहज झाकली जाते. म्हणून घर एकदा ऐन पावसाळ्यात पाहावे आणि बांधकाम अभियंत्याला दाखवावे. ज्याने स्लॅब टाकला त्याच मिस्त्रीचे मत घेऊ नये.

2020 साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणाची ड्रोन मोजणी झाली असेल, तर त्यातून मिळणाऱ्या मिळकत पत्रिकेवरची (म्हणजे प्रॉपर्टी कार्डावरची) हद्द जुळवून पाहावी. मात्र ती पत्रिका बांधकामाची परवानगी नव्हे. घर गावठाणाबाहेर असेल, तर जमीन अकृषक (म्हणजे बिगरशेती) असल्याचा कागदही मागावा.

वाढीव बांधकाम नियमित करून देण्याची किंवा पाडण्याची जबाबदारी विकणाऱ्याची राहील, हे इसारपावतीतच लिहून घ्यावे आणि ते काम होईपर्यंत काही रक्कम राखून ठेवावी. पारावर चार लोकांसमोर दिलेला शब्द इकडे सहसा पाळला जातो, पण विकणारा पुण्याला मुलाकडे राहायला गेला की तो शब्द कोणाकडे मागायचा?