सोलापुरात बसून स्ट्रीट आर्टिस्टचे लिमिटेड स्क्रीन प्रिंट कसे जमवायचे

सगळे पहिला प्रश्न विचारतात, स्ट्रीट आर्टिस्टचे, म्हणजे रस्त्यावरच्या भिंती रंगवणाऱ्या चित्रकारांचे, प्रिंट घ्यायचे कुठून? मी म्हणतो आधी ते बनतात कसे ते बघा, आणि त्यासाठी लंडनला जायची गरज नाही, आपल्याकडे लग्नपत्रिका नि कापडी पिशव्या छापणारे स्क्रीन प्रिंटिंगवाले आहेत की, लग्नसराई सोडून एखाद्या दुपारी जाऊन अर्धा तास उभे राहा. फ्रेमवर ताणलेली जाळी, तिच्यावर इमल्शन (उजेडानं घट्ट होणारं रसायन) लावून उजेड देऊन उमटवलेलं डिझाईन, वर शाई टाकायची आणि रबरानं ओढायची. एका वेळी एकच रंग. पाच रंग असले तर पाच स्क्रीन, आणि प्रत्येक रंग वाळल्यावर पुढचा बरोबर त्याच जागी बसला पाहिजे. हे डोळ्यांनी बघितलं की प्रिंट हातात घेतल्यावर नेमकं काय बघायचं ते आपोआप कळतंय.

आता लिमिटेड म्हणजे काय, तर प्रती ठरवून तेवढ्याच काढायच्या. खाली पेन्सिलीनं २३/३०० असं लिहिलेलं असतं, म्हणजे तीनशेतली तेविसावी. पण नंबर छोटा म्हणून प्रिंट भारी असं काही नसतंय, छापल्यावर गठ्ठे इकडेतिकडे होतात आणि सही-नंबर त्यानंतर पडतात, त्यामुळे १ नंबरसाठी जादा पैसे मोजू नका. एपी, म्हणजे आर्टिस्ट्स प्रूफ, लिहिलेलं असेल तर ती आर्टिस्टनं स्वतःकडे ठेवलेली प्रत, या प्रती सहसा एडिशनच्या, म्हणजे ठरवून काढलेल्या एकूण प्रतींच्या, दहा टक्क्यांच्या आसपास असतात. आणि टाइम्ड एडिशन असेल तर जरा सावध राहा, तिथं ठरलेल्या वेळेत जेवढ्या ऑर्डर येतील तेवढ्या प्रती काढतात, म्हणजे किती निघणार ते तुम्हाला घेताना माहीतच नसतं.

सहीनं भावात लई फरक पडतो. बँक्सी हा नाव लपवून काम करणारा ब्रिटिश स्ट्रीट आर्टिस्ट, त्याचं गर्ल विथ बलून हे चित्र २००४ मध्ये प्रिंट म्हणून आलं तेव्हा सहीच्या १५० आणि बिनसहीच्या ६०० प्रती होत्या, आणि आज दोन्हींचे भाव आपल्यासारख्यांच्या आवाक्याबाहेर आहेत. म्हणूनच बँक्सी स्वस्तात देतो असं कुणी म्हणालं तर तिथंच थांबा. त्याच्या कामाचं सर्टिफिकेट फक्त पेस्ट कंट्रोल नावाचं त्याचंच ऑफिस देतं, २००८ पासून, आणि त्या सर्टिफिकेटला ब्रिटनच्या राजकुमारी डायनाचा चेहरा छापलेली दहा पौंडाची खोटी नोट अर्धी फाडून लावलेली असते. दुसऱ्या कुणाचं सर्टिफिकेट चालत नाही, कितीही चकचकीत असो. सोलापुरी चादरीच्या नावानं काय काय विकलं जातं ते आपल्याला माहीतच आहे, इथंही तसंच, नुसत्या लेबलवर जाऊ नका, माल बघा.

माल बघायचा म्हणजे दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. ऑफसेट प्रिंट असेल तर निळे, गुलाबी, पिवळे, काळे असे बारीक ठिपके फुलासारखे गोल मांडलेले दिसतात. इंकजेटला, ज्याला जिक्ले म्हणून विकतात, धूळ उडाल्यासारखे विस्कटलेले ठिपके दिसतात. खऱ्या स्क्रीन प्रिंटमध्ये रंग सलग भरलेला असतो, आणि ठिपके डिझाईनचेच असले तरी प्रत्येक ठिपका एकाच शाईचा असतो. मग ट्यूबलाइट बंद करून मोबाईलची टॉर्च कागदाला जवळजवळ टेकवून आडवी धरा. शाईचा थर कागदाच्या वर बसलेला दिसतो, दोन रंग एकमेकांवर चढलेत तिथं बारीक उंचवटा दिसतो. याच उजेडात सही पण बघा, पेन्सिल करडी चमकते आणि कागदात थोडी दबलेली असते, छापलेल्या सहीला तसं काही नसतं.

सुरुवात करायची तर शेपर्ड फेअरी बरा, ओबे या नावानं काम करणारा अमेरिकन स्ट्रीट आर्टिस्ट. तो अजून स्वतःच्या साइटवर नवीन प्रिंट काढतो, बरेचसे १८ बाय २४ इंची, काहीशे प्रतींचे, आणि नवीन असताना बाकीच्या मोठ्या नावांच्या मानानं परवडतात. ड्रॉप, म्हणजे नवीन प्रिंट विक्रीला येण्याची वेळ, लॉस एंजेलिसच्या सकाळी दहाला असेल तर आपल्याकडे उन्हाळ्यात रात्री साडेदहा, हिवाळ्यात साडेअकरा, तर अकाउंट, पत्ता, कार्डाचं इंटरनॅशनल पेमेंट सगळं आधीच चालू करून ठेवा. शिपिंग, कस्टम ड्यूटी आणि आयजीएसटी धरूनच बजेट काढा, नाहीतर पार्सल आल्यावर घाम फुटतो. आणि मुंबईला जाणं झालं तर माहीम पूर्वेच्या रंगवलेल्या भिंती बघून या, दिल्लीत लोधी कॉलनी. भिंतीवरचं काम बघितलेलं असलं की कुणाचं काम आपल्याला खरंच आवडतंय ते कळतं आणि आवडेल तेच घ्यावं, भाव वाढेल या आशेवर घेतलेलं प्रिंट वर्षभरात भिंतीवर नकोसं होतं.

पार्सलची ट्यूब उघडताना व्हिडिओ काढा. कागद ताठ वाटला तर ओढाताण करू नका, आधी एक दिवस तशीच घरात ठेवा, मग स्वच्छ कोरड्या हातानं हळू उलगडा आणि दोन ग्लासिन पेपरच्या (गुळगुळीत, अर्धपारदर्शक, ॲसिड नसलेला कागद) मध्ये ठेवून वर सपाट वजन द्या. वर्तमानपत्रात अजिबात नको, त्याच्यातलं ॲसिड कागद पिवळा करतं.

फ्रेमिंगला मात्र नीट लक्ष द्या. आपले फ्रेमवाले देवाचे नि लग्नाचे फोटो फेविकॉलनं हार्डबोर्डला चिकटवतात, फोटोला ते चालतं, पण प्रिंट एकदा चिकटला की त्याची किंमत गेली. त्यांना स्पष्ट सांगा, ॲसिड फ्री माउंट बोर्ड (प्रिंटभोवती चौकटीसारखा लावायचा जाड पुठ्ठा), प्रिंट चिकटवायचा नाही, फक्त वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन पट्ट्यांवर लटकवायचा, आणि काच प्रिंटला टेकता कामा नये. माउंटनं प्रिंटची कडा झाकायची नाही, नंबर आणि सही दिसली पाहिजे. यूव्ही काच, म्हणजे उन्हातली अतिनील किरणं अडवणारी, इथं नाही मिळाली तर पुण्याहून मागवा, पैसे जास्त जातात पण आपलं ऊन बघता ते वसूल होतात.

टांगायची जागा म्हणजे पश्चिमेची उन्हं येणारी भिंत नको, आणि मे महिन्यात कूलरच्या तोंडासमोर तर नकोच नको, ओल्या हवेनं कागदाला लाटा येतात आणि त्या परत जात नाहीत. फ्रेम न केलेले प्रिंट आडवेच ठेवा, कपाटात खाली नाही तर मधल्या खणात, पावसाळ्यात महिन्यातून एकदा उघडून कसर लागली नाही ना ते बघा. बिल, ईमेल, ट्यूबवरचं लेबल, सगळ्याचे फोटो काढून एका फोल्डरमध्ये टाका, उद्या विकायची वेळ आली तर घेणारा पहिल्यांदा तेच मागतो.