ईगल स्काउटचे तीन लांबलचक बॅज एकाच वेळी उरका

इकडे अमेरिकेत ज्यांची मुलं स्काउटमध्ये आहेत त्यांच्यासाठी. ईगल स्काउट या स्काउटमधल्या सर्वोच्च पदाला २१ मेरिट बॅज (एकेका विषयातली ठरलेली कामं केली की मिळणारे बिल्ले) लागतात आणि मुलं अडकतात ती पर्सनल मॅनेजमेंट (१३ आठवडे जमाखर्च), फॅमिली लाइफ (९० दिवस घरकाम) आणि पर्सनल फिटनेस (१२ आठवडे व्यायाम) यात, कारण एकामागून एक केले तर जवळपास नऊ महिने जातात.

१. आधी स्काउटमास्तरशी बोला, तिन्हींचे काउन्सेलर (बॅजची कामं तपासणारे मोठे) गाठा.
२. तिन्ही एकाच सोमवारी सुरू.
३. फ्रिजवर एकच कॅलेंडर, रोज तीन टीक-खुणा, प्रत्येक बॅजची एक. आमच्याकडे डिशवॉशर रिकामा केला की टीक, आईने ओरडायच्या आत केला तरच!

फक्त जमाखर्चाचा आठवडा चुकवू नका, ते १३ आठवडे सलग लागतात. आणि १८ व्या वाढदिवसाच्या आत सगळं संपवा.